बी.एस्सी. नर्सिंग की उपयोजित कला? गुरुवारी संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे

गेरू (शनिवार, रात्री ११:४०)

नमस्कार. दोन वर्षं इथे वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. प्रश्न माझा आहे, पण आता घरातल्या चौघांचा झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मिरजेची. बारावी सायन्स झाले. या वर्षी दोन सीईटी दिल्या, एक बी.एस्सी. नर्सिंगची आणि एक चित्रकलेची. नर्सिंगला घरापासून पाऊण तासावरच्या कॉलेजात नंबर लागलाय. बी.एफ.ए. उपयोजित कलेला (म्हणजे जाहिरात, अक्षरं, मांडणी यांची कला) एका शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली आहे, पण ते गाव लांब, रात्रभराचा प्रवास. दोन्ही अभ्यासक्रम चार वर्षांचे. दोन्हीकडे प्रवेश पक्का करायची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचची.

आई नर्स आहे, एका खासगी हॉस्पिटलमध्ये, तेवीस वर्षं झाली. बाबा पेंटर, पाट्या रंगवणारे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही पेशंट येतात आणि गल्लोगल्ली डॉक्टर आहेत. त्यातल्या कितीतरी डॉक्टरांच्या पाट्या बाबांच्या हातच्या. वर नाव, खाली डिग्री, त्याखाली 'वेळ सकाळी १० ते २'. आई आत ड्युटीवर आणि बाबा बाहेर शिडीवर, अशीच त्या दोघांची ओळख झाली.

मग फ्लेक्स आला. बाबा सांगतात, आधी भिंती गेल्या, मग दुकानांचे बोर्ड, रेडियम कटिंग आलं तशा नंबर प्लेटही गेल्या. मी दुसरीत होते तेव्हा पडवीत एनॅमलचे डबे रचलेले असायचे. चौथीत गेले तेव्हा तिथे सायकल होती. बाबा आता एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला बसतात. मला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड मिळाली, ती सर्टिफिकेटं त्यांनीच फ्रेम करून आणली. पण चित्रकलेच्या सीईटीचा फॉर्म भरल्यापासून एकच वाक्य ऐकतेय : "हातात कला असून काय होतं ते मी बघितलंय."

आई काहीच बोलत नाही.

मला नर्सिंग नकोच आहे असंही नाही. आजी अंथरुणावर होती ते दीड वर्ष आईच्या ड्युटीच्या वेळेत तिचं सगळं मीच केलं. कूस बदलणं, पुसून घेणं, नळीतून भरवणं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. आणि एआयने काढलेली चित्रं पाहिली की पोटात खड्डा पडतो. फ्लेक्सने बाबांना उठवलं तसं हे मला उठवणार का? सगळे म्हणतात नर्सिंग कर, चित्रं बाजूला चालू ठेव. असं खरंच जमतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगाल?

निळीशाई (रविवार, सकाळी ७:१५)

नर्सिंग घे. पोटाची काळजी मिटली की चित्रं शांतपणे काढता येतात. आपल्याकडे उदाहरणं काय कमी आहेत? डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे, दंतवैद्य असलेले काशीनाथ घाणेकर. पाया वैद्यकीचा होता म्हणूनच कलेत उभे राहिले.

विंगेतून (रविवार, सकाळी ९:०२)

ही नावं अशा प्रत्येक चर्चेत येतात, म्हणून जरा सालवार सांगतो.

लागूंचा जन्म १९२७ चा. कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात प्रॅक्टिस केली, मग टांझानियात टबोरा नावाच्या गावी काम केलं. पूर्णवेळ नट झाले १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी नटसम्राट आलं. लोकांना 'सर्जरी सोडली' एवढंच आठवतं. पण ते कॉलेजपासून नाटकात होते. पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेची प्रायोगिक नाटकं करत आले होते. म्हणजे दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चालल्या आणि मग एक सुटली. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. आगाशे मनोविकारतज्ज्ञ, पुण्याच्या बी. जे. मेडिकलला शिकवत होते.

मी हौशी नाटकात पंचवीस वर्षं नेपथ्य केलं. तालीम संध्याकाळी सातला सुरू होते, दवाखाना बंद करून माणूस येऊ शकतो. नाटकाला चार जण वाट बघत थांबलेले असतात, त्यामुळे आपण जातोच. चित्र काढायला कोणी वाट बघत नाही. दमून घरी आल्यावर कागदापुढे बसायला स्वतःलाच उठवून न्यावं लागतं. गेरू, तू 'बाजूला' म्हणतेस तेव्हा हा फरक लक्षात घे.

रात्रपाळी (रविवार, दुपारी ३:३०)

नाइट करून आले, झोप झाली, आता लिहिते. वरची सगळी नावं वाचली आणि मला एकच गोष्ट खटकली. यात एकही नर्स नाही. लॅब टेक्निशियन नाही, एक्स-रेवाला नाही. सगळे डॉक्टर.

कारण उघड आहे. ज्याच्या दवाखान्याच्या पाटीवर 'वेळ सकाळी १० ते २' लिहिलंय, त्याची २ नंतरची वेळ त्याची असते. गेरू, तुझ्या बाबांनी अशा किती पाट्या रंगवल्या असतील. नर्सच्या वेळेची पाटी नसते. तिची ड्युटी लिस्ट असते, ती इनचार्ज सिस्टर लावते आणि पुढच्या आठवड्याची लिस्ट कधी शनिवारी कळते, कधी रविवारी रात्री. दोन मॉर्निंग, एक इव्हिनिंग, लागून तीन नाइट, मग ऑफ. त्या ऑफला शरीर नुसतं पडून असतं. आठ तासांची ड्युटी म्हणतात, हँडओव्हर देऊन-घेऊन, चार्ट पूर्ण करून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ तास होतात. पुढच्या पाळीची कोणी आली नाही तर पेशंट सोडून निघता येत नाही. आपलं मनही निघू देत नाही.

मी गाणं शिकत होते. गांधर्वची मध्यमा पूर्ण झाली होती, विशारदची तयारी चालू होती. तानपुरा तुझ्याच गावचा, सतारमेकर गल्लीतून बाबांनी आणलेला. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी वॉर्डातल्या सगळ्यांना फोनवर बातमी दाखवत होते.) माझा क्लास मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी. नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात आठपैकी तीन क्लास मिळाले. तिसऱ्या महिन्यात एक. गुरुजी कधी रागावले नाहीत. मलाच त्यांच्यासमोर तेच तेच कच्चं गाणं घेऊन जायची लाज वाटायला लागली. आठव्या महिन्यात थांबले. त्याला अकरा वर्षं झाली.

आता दुसरी बाजू. मला माझं काम आवडतं. आयसीयूमध्ये लहान बाळाची व्हेन सापडत नाही तेव्हा मला शोधत येतात. ते कौशल्य माझ्या बोटांत आहे, ते मी रियाज करूनच मिळवलंय. म्हणून 'बॅकअप म्हणून नर्सिंग कर' असं कोणी म्हटलं की मला राग येतो. पगारासाठी आलेल्या कितीतरी मुली उत्तम नर्स झाल्यात. पण तिसऱ्या वर्षी वॉर्ड पोस्टिंगमध्ये रडत बसलेल्याही बघितल्यात, आणि त्यांना सांभाळताना पेशंटकडे दुर्लक्ष होतं.

आणि 'पक्की नोकरी' कोणत्या नर्सिंगची? एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. त्यासाठी देशभरातल्या मुलामुलींबरोबर परीक्षा द्यावी लागते. खासगीत मी २०१४ साली साडेआठ हजारांवर लागले. २०१६ मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पन्नास खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २० हजार द्यावेत अशी शिफारस केली. तुझ्या आईला विचार, त्यानंतर तिच्या हॉस्पिटलमध्ये काय बदललं.

आईला आणखीही विचार. तेवीस वर्षं ड्युटी केलेली बाई अशा वेळी गप्प बसते ती सांगण्यासारखं काही नाही म्हणून नव्हे.

पायरव (रविवार, संध्याकाळी ५:१०)

मी फिजिओथेरपिस्ट. शाळेत चित्रकलेत पहिली यायचे. आता पेशंटला घरी करायचे व्यायाम कागदावर काढून देते. गुडघा कुठपर्यंत वाकवायचा, उशी कुठे ठेवायची. ज्यांना वाचता येत नाही त्या आजी-आजोबांना गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते. आठवड्यापूर्वी एक आजोबा आले, त्यांनी माझे चार वर्षांपूर्वीचे कागद पिशवीत जपून ठेवले होते. माझ्या चित्रकलेला एवढं पुरलं. मला मनापासून पुरलं. तुला पुरेल का, हे तू स्वतःला विचारून बघ.

निळीशाई (रविवार, रात्री ८:४५)

रात्रपाळीताई, ड्युटी लिस्टचा मुद्दा मी कधी विचारात घेतला नव्हता. तरी माझं मत तेच आहे आणि त्याला कारण आहे. माझ्या धाकट्या भावाने बी.एफ.ए. केलं. हुशार मुलगा, कॉलेजात बक्षिसं मिळाली. पुस्तकांची मुखपृष्ठं, लग्नाची डेकोरेशन, नाटकाचे सेट, मिळेल ते केलं. काम पूर्ण झाल्यावर पैसे मागायला चार चार महिने फोन करायचा. समोरचा म्हणायचा, 'अरे, तुमचं काय, तुम्ही कलाकार माणसं.' २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. अकरा महिने एक रुपया आला नाही. आई आजारी होती, औषधांचे पैसे मी पाठवत होतो आणि त्याला ते कळू नये म्हणून आईच्या खात्यात टाकत होतो. त्याला कळलंच. तो दिवस मी विसरलो नाही. आता तो एका शाळेत कलाशिक्षक आहे, बरा आहे, पण हंगामी. गेरूने त्या रस्त्याने जाताना हे माहीत करून जावं.

नेकारकाठ (सोमवार, पहाटे १:२०)

मी श्टुटगार्टला नर्स आहे, मूळची साताऱ्याची. पुण्यात दोन वर्षं आयसीयू केला, मग जर्मन शिकून इकडे आले. बी-२ पातळीपर्यंत भाषा, मग इथल्या नियमांप्रमाणे आपल्या शिक्षणाला मान्यता मिळवणं, हे सोपं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यामुळे आता मराठी मुली जास्त विचारणा करतात. (अवांतर : लाखो रुपये मागणाऱ्या एजंटला काही देऊ नका.)

हे सांगायचं कारण वेळ. इथे नर्सला अर्धवेळ काम मागता येतं, टाइलत्साइट म्हणतात, आणि पुष्कळ जणी करतात. मी गेल्या वर्षापासून साठ टक्के काम करते, म्हणजे आठवड्याला साधारण तीन दिवस. पगार त्या प्रमाणात कमी, पण एकटीला पुरतो. उरलेल्या दिवसांत जलरंग. म्हणजे 'नर्सिंग कर आणि चित्रं काढ' हे खरंच होतं. पण माझ्या बाबतीत ते वयाच्या चौतिसाव्या वर्षी झालं, दोन देश आणि एक भाषा ओलांडून. मधली बारा वर्षं ब्रश कोरडा होता. आता क्लासला माझ्या शेजारी वीस वर्षांची मुलं बसतात. त्यांचा हात जे एका दुपारी उचलतो त्याला मला महिना लागतो. मला त्याचं दुःख आहे. नर्सिंगबद्दल पश्चात्ताप नाही, मधल्या बारा वर्षांचा आहे.

ब्रोमाइड (सोमवार, सकाळी १०:३०)

उपयोजित कला, जे.जे., १९९१. जाहिरातीत तीस वर्षं काढली, आता छोटा स्टुडिओ आहे.

आम्ही शिकलो तेव्हा अक्षरं ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर छापून यायची, ती कापून रबर सोल्युशनने चिकटवायची, मधलं अंतर डोळ्याने जुळवायचं. रोट्रिंग पेनने रेघ मारताना श्वास रोखायचा. नोकरी लागल्यावर चार-पाच वर्षांत कॉम्प्युटरने ते सगळं काम संपवलं. आमच्या पेस्ट-अप विभागात सहा जण होते. दोघे कॉम्प्युटर शिकले, चौघे गेले. जे गेले त्यांचा हात आमच्यापेक्षा चांगला होता. म्हणून तुझ्या बाबांचं वाक्य मला परकं नाही.

एआयबद्दल खरं सांगतो. सणाच्या शुभेच्छांची पोस्टर, मिठाईच्या खोक्यावरचं चित्र, छोट्या दुकानाचा लोगो, हे काम माझ्याकडे यायचं ते आता येत नाही. गेल्या दोन वर्षांत मी नवीन मुलगा घेतला नाही. जे काम टिकलंय ते वेगळं आहे. क्लायंटसमोर बसून त्याला नेमकं काय सांगायचंय हे शोधून काढणं, आणि ते मराठी डोळ्याला पटेल असं मांडणं. ते शिकायला चार वर्षं पाया लागतो. तो पाया कॉलेजात मिळतोच असं नाही, पण तिथे चार वर्षांचा मोकळा वेळ मात्र मिळतो. रात्रपाळी आणि नेकारकाठ दोघींनी वेळेबद्दल लिहिलंय तेच मी उलट्या बाजूने म्हणतोय.

आता महत्त्वाचं. तुझ्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त थांबवलं ते बाबांनी. देवनागरी अक्षर ही फार मोठी गोष्ट आहे. र. कृ. जोशी जे.जे.चे, जाहिरातीतले, त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा फॉन्ट केला, तो वर्षानुवर्षं देशभरातल्या कॉम्प्युटरवर होता. कमल शेडगे यांनी नाटकांची, मासिकांची शीर्षकं हाताने लिहिली, नुसती अक्षरं पाहून नाटक ओळखू यायचं. आज मुंबईतल्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले मुक्ता, बलू हे फॉन्ट कोणीही फुकट वापरू शकतो. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे फॉन्ट करायला घेतले होते. २०२४ मध्ये ते गेले. म्हणजे तुझ्या बाबांचा जो हात बाजाराने नको म्हटला, त्याच हाताचा अभ्यास करणारी माणसं या क्षेत्रात आहेत.

बाबांनी रंगवलेली एखादी पाटी मिरजेत शिल्लक आहे का? फोटो टाक. आम्हाला बघू दे.

गेरू (सोमवार, रात्री ११:०५)

सगळ्यांचे प्रतिसाद मी आईला वाचून दाखवले. रात्रपाळीताई, तुमचा दोनदा वाचला. तानपुऱ्याचं आलं तेव्हा आई उठून आत गेली. पाणी पिऊन परत आली आणि म्हणाली, पुढचं वाच.

आज बाबांना सुट्टी होती. त्यांना म्हटलं, तुमच्या पाट्या दाखवा. आधी नको म्हणाले. मग स्वतःच गाडी काढली. अकरा सापडल्या. दोन दवाखान्यांच्या, एक पिठाच्या गिरणीची, एक वकिलांची, एका तालमीची, बाकी दुकानांच्या. एका औषधाच्या दुकानात फ्लेक्सचा कोपरा फाटला होता आणि आत खाली बाबांची जुनी पाटी तशीच होती. निळ्यावर पिवळं, अक्षराला लाल शेड. दुकानदाराने फ्लेक्स वर धरला, मी फोटो काढला. बाबांनी अंगठ्याने 'ष' वरची धूळ पुसली.

येताना ते बोलत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेषा कशी मारायची, मग अक्षरं मधूनच का लिहायला घ्यायची, म्हणजे दोन्ही कडांना जागा सारखी सुटते. 'डॉ.' वरचा चंद्र सगळ्यात शेवटी, पाटी आडवी करून, नाहीतर एनॅमल ओघळतो. उन्हात कोणता पिवळा टिकतो. मी विचारलं, हे मला का नाही शिकवलंत? तर म्हणाले, "तुला लागलं असतं तर?"

रात्री आई बोलली. म्हणाली, "घर बारा वर्षं माझ्या पगारावर चाललंय, अजून नऊ वर्षं माझी सर्व्हिस आहे. तुझी चार वर्षं मी त्यात धरलीच होती. तू मला विचारलंच नाहीस, बाबांनाच पटवत बसलीस." मग म्हणाली, "नर्सिंगला आलीस तर मला आवडेल. आजीचं तू जे केलंस ते मी वॉर्डात शिकवूनही मुलींना जमत नाही. पण मला आवडेल म्हणून येऊ नकोस."

याने माझा निर्णय सोपा झालेला नाही. उलट आज दोन्ही जास्त हवंसं वाटतंय. फोटो उद्या टाकते.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ८:५०)

आईला माझा नमस्कार सांग. नऊ वर्षं आहेत म्हणते, पण तिचे गुडघे विचार. पन्नाशीच्या आसपास नाइट फार जड जाते. तिच्या पगारावर शिकलीस तर दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत थोडं तरी कमव. तिला दिलासा मिळेल.

म्युझियमवाला (मंगळवार, दुपारी १:१५)

उशिरा आलो. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागात चित्रकार होतो, अठ्ठावीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. अशी नोकरी असते हेच अनेकांना माहीत नसतं. चार्ट, स्लाइडसाठी आकृत्या, प्लास्टरची मॉडेल, म्युझियममधल्या बरण्यांची लेबलं. विच्छेदनाच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून मज्जातंतू रंगवलेत मी. डॉक्टर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, 'हा जरा मागून येतो.' मग मी मागून आणायचो.

या कामाचा जगातला मोठा माणूस म्हणजे फ्रँक नेटर, न्यूयॉर्कचा. तो आधी चित्रकला शिकला, घरच्यांच्या आग्रहाने डॉक्टर झाला, आणि १९३० नंतरच्या मंदीत लोक त्याच्या दवाखान्यापेक्षा त्याच्या चित्रांचे पैसे जास्त द्यायला लागले. शेवटी तो चित्रांकडेच गेला. त्याचा ॲटलास १९८९ साली आला, आजही मेडिकलची मुलं त्यावर शिकतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये तर १९११ पासून वैद्यकीय चित्रकलेचा स्वतंत्र विभाग आहे. तेव्हा गेरू, तुला शरीर आणि चित्र दोन्ही आवडत असेल तर त्या दोन्हींमध्ये भिंत नाही.

पण खोटी आशा दाखवत नाही. मी निवृत्त झालो तेव्हा माझी जागा भरली नाही. आपल्याकडे हे काम आता मोकळं काम करणारे आणि ॲनिमेशन स्टुडिओ करतात. त्यांना चित्रकार मिळतात, पण पेशंट जवळून बघितलेला चित्रकार मिळत नाही. तू आजीची कूस दीड वर्ष बदलली आहेस. पाठीच्या कोणत्या हाडावर आधी जखम होते ते तुझ्या हाताला माहीत आहे.

गेरू (मंगळवार, रात्री १०:२०)

फोटो टाकलेत. म्युझियमवाले काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी वहीत आजीची पाठ आठवणीतून काढली. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती. आईने बघितलं आणि टाचेजवळ पेन्सिलने एक दुरुस्ती केली. बरोबर होती.

ब्रोमाइड (मंगळवार, रात्री ११:१५)

फोटो पाहिले. तो 'ळ' मी मोठा करून दहा मिनिटं बघत होतो. दोन्ही गोलांत पोकळी सारखी, तरी उजवा किंचित पुढे झुकलेला. हे मापून येत नाही. बाबांना सांग, मुंबईत एक जण तुमचा 'ळ' स्टुडिओत लावतोय, परवानगी असेल तर.

निळीशाई (बुधवार, सकाळी ६:४०)

गेरू, मी नर्सिंग म्हणालो होतो आणि अजूनही तेच म्हणेन. पण तू दुसरीकडे गेलीस तर दोन गोष्टी कर. पहिल्या कामापासून अर्धे पैसे आगाऊ घे आणि कागदावर लिहून घे. आणि आईच्या नावावर आरोग्य विमा आहे का ते आजच बघ. भावाच्या वेळी या दोन गोष्टी असत्या तर ते अकरा महिने वेगळे गेले असते.

गेरू (शुक्रवार, संध्याकाळी ७:३०)

काल प्रवेश घेतला. उपयोजित कला.

बुधवारी रात्रीच्या गाडीने निघालो, आई आणि मी. स्टँडवर गाडी लागली तेव्हा बाबा पिशवी घेऊन आले आणि आत चढले. दुकानातून दोन दिवसांची रजा काढली होती, आम्हाला सांगितलं नव्हतं.

नर्सिंगची जागा सोडताना वाईट वाटलं. त्या कॉलेजला फोन करून कळवलं, म्हणजे माझ्या मागच्या मुलीला लवकर मिळेल. पलीकडच्या मॅडमनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्या म्हणाल्या, बरं केलंस कळवलंस.

कागदपत्रं तपासायला तीन तास लागले. बाबा आत आलेच नाहीत, फाटकापाशी उभे होते. बाहेर आले तेव्हा ते कॉलेजच्या नावाच्या पाटीकडे बघत होते. म्हणाले, "'महाविद्यालय'मधला 'द्य' बघ. जागा कमी पडली म्हणून दाबलाय. मधून सुरुवात केली नाही त्याने." मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन ब्रश काढून माझ्याकडे दिले. केस झडलेत, पण दांडे चांगले आहेत.

निळीशाईदादा, विमा नव्हता. आई सोमवारी चौकशी करणार आहे.

आता एक विचारायचं आहे. सामानाच्या यादीत ड्रॉइंग बोर्ड हाफ इंपिरियल लिहिलाय, वर्गातल्या मुली म्हणतात इंपिरियलच घे. दोन्हीच्या किमतीत बराच फरक आहे. पहिल्या वर्षी हाफने भागेल का?

ब्रोमाइड (शुक्रवार, रात्री ९:००)

भागेल. पण घेऊ नकोस. माझा इंपिरियल बोर्ड आणि टी-स्क्वेअर माळ्यावर पडून आहेत, बोर्डाच्या एका कोपऱ्याला कटरचे घाव आहेत, बाकी सपाट. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठव, सोमवारी पार्सल टाकतो.